रिकामी चौकट

“पण ह्या दोन चौकटी कशाला?” तातेरावाने फ्रेम दारातल्या उजेडात धरून विचारलं.

फ्रेम झकास झाली होती. पुठ्ठ्यावर लाल मखमल, कडेने फुटक्या बांगड्यांची नक्षी, कोपऱ्यांत बारीक आरसे. डाव्या चौकटीत थोरली लेक प्रभावती, स्टुडिओतल्या कागदी फुलांशेजारी उभी. परतूरच्या त्यांच्या गल्लीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. उजवी चौकट मात्र रिकामीच होती.

“पुठ्ठा कापताना चूक झाली,” कांताबाई चुलीपुढून म्हणाली. “दुसरा पुठ्ठा नव्हता. मंग राहू दिलं तसंच.”

तातेराव हसला. बायकोच्या कामात खोड काढायचा आज दिवस नव्हता. रेल्वेच्या रुळांवर हातोडा घेऊन चालण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि त्याच्या लेकीचा नंबर पेपरात छापून आला होता. आनंद गगनात मावत नव्हता. त्याने स्वतः खिळा ठोकला, फ्रेम टांगली आणि मागे सरून सरळ आहे ना ते पाहिलं.

धाकटी बेबीनंदा पेढ्यांसाठी ताट पुसत होती. यंदा आठवीत जायची पोर, एरवी तोंड मिटायचं नाव नाही. पण शहागडचं स्थळ निघाल्यापासून गप्प होती. एक लेक शिकली, नाव झालं, आता धाकटीचे हात पिवळे केले की आपण मोकळे, असं तातेरावाने ठरवून टाकलं होतं. तिची शाळा बंद. शहागडचे लोक गुरुवारी बघायला येणार होते. कांताबाई ह्यावर चकार शब्द बोलली नव्हती. म्हणजे तिला पटलं, असं तो धरून चालला होता.

संध्याकाळी सगळी गल्ली लोटली. जयभीम झाले, पेढे झाले. जो येई तो फ्रेमपुढे उभा राही, प्रभावतीचं कौतुक करी आणि बोट उजवीकडे नेई. “अन् ही कोणाची?”

“कापताना चूक झाली,” तातेराव सांगे. आधी हसत सांगितलं. मग त्याला त्या उत्तराचा वीट आला. आपल्या भिंतीवर, आपल्या आनंदाच्या दिवशी, सारखं चूक चूक काय म्हणायचं? त्यात त्याचीही नजर तिथेच जाऊ लागली. चूक म्हणावी तर कापलं फारच सरळ होतं. चारी कोन काटकोन.

शेवटी शेजारची म्हातारी चांगुणाबाई आली. तिने फ्रेम नीट निरखली आणि पेढे वाटणाऱ्या बेबीनंदाची हनुवटी धरली. “ही जागा ह्या पोरीची दिसती. बराबर न्हाई का, तातेराव?”

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. बेबीनंदा ताटाकडे पाहत होती. चूक हा शब्द तातेरावाच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. ह्या लेकीसमोर तो शब्द त्याला उच्चारवेना.

“हिचीच हाये, मावशे,” तो म्हणाला. “दम धर जरा. हिच्या मॅट्रिकचे पेढे बी ह्याच घरात खायचेत तुला.”

बोलून गेला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. बेबीनंदाने ताट तसंच चांगुणाबाईच्या हातात दिलं आणि आत पळाली.

लोक गेल्यावर तो कांताबाईजवळ टेकला. “शहागडला उद्याच निरोप धाडतो. पोरगी शिकून राह्यली म्हणावं.” मग भिंतीकडे पाहून हसला. “हात बिलकुल चुकला नव्हता तुझा. पक्की हायेस.”

“माझा हात कुठून आला?” कांताबाई म्हणाली. “म्या नुसत्या बांगड्या चिकटवल्या. पुठ्ठा बेबीनंदानं कापला.”