तेवढी एक ओळ

मृत्यूचा दाखला जोडा, असं पान म्हणालं आणि तिनं जोडला. त्याच्या वरची ओळ तिनं वाचली नाही. वाचायची गरजच नव्हती, ती तिनंच लिहिली होती. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." फोनच्या पडद्यावर ती नीट बसते की नाही, एवढं मात्र सवयीनं पाहिलं. बसली होती.

वडिलांच्या नावावरचं विजेचं मीटर आपल्या नावावर करून घ्यायचं होतं. पाण्याचं आणि गॅसचं सकाळीच उरकलं होतं. तिन्हीकडे तीच ओळ, तोच करडा रंग, तेच बटण. त्यात नवल काही नव्हतं. शहरातल्या सगळ्या खात्यांच्या वेबसाइट ती काम करायची त्याच कचेरीतून चालत आणि त्यांची पानं एकाच टेम्प्लेटमधून, म्हणजे एकाच साच्यातून निघत. साचा तिचा होता. तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदले. कुणी आपल्या पानात वेगळं काही घुसडलं, की ती ते काढून सारखं करून टाकी. म्हणून पाठीमागे तिला 'इस्त्री' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही.

वडील गेल्यापासून ती रडली नव्हती. "रडून घे गं बाई," आत्या रोज फोनवर सांगे, "आतल्या आत कोंडून ठेवू नकोस." कोंडायला आत काही असतं तर ना! तिला वाईट वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं, आणि आता त्याचीच तिला भीती वाटू लागली होती. संध्याकाळी घराशी पोचल्यावर तेवढं खटकायचं. ती येईपर्यंत वडील दाराबाहेरचा दिवा चालू ठेवत. "वीज काय फुकट येते का?" असं ती दारातूनच करवादत आत शिरे. आता अंधारात कुलूप चाचपावं लागे.

दुपारी वाचनालयवालीशी वाजलं. सगळी खाती साच्यात आली होती, फक्त वाचनालयाची वेबसाइट सांभाळणाऱ्या या बाईनं निधनाच्या पानावर आपली वेगळी ओळ ठेवली होती.

"तेवढी एक ओळ माझी राहू दे ना गं."

"आज तुझी एक, उद्या पाणीवाल्यांची एक. मग साच्याचं काय लोणचं घालायचं?"

"तर मग तूच काढ. माझ्याच्यानं नाही व्हायचं," वाचनालयवाली म्हणाली आणि खुर्ची फिरवून बसली.

ती काढायला बसली. काही काढण्याआधी पान एकदा चालवून बघायचं, हा तिचाच नियम. त्यासाठी वारलेल्या सभासदाचा क्रमांक लागतो. एरवी ती खोटा क्रमांक बनवी. आज गरज पडली नाही. वडिलांकडचं पुस्तक जाता जाता परत द्यायचं म्हणून पिशवीत घातलं होतं, आणि त्यांचं कार्ड त्यातच होतं. तिनं कार्डावरचा क्रमांक टाकला, 'निधन' निवडलं आणि बटण दाबलं.

तिच्या ओळीच्या जागी लिहिलं होतं, "पुस्तक आणायची घाई नाही. त्यांचं अर्धवट राहिलं असेल, तर उरलेलं तुम्ही वाचा आणि मग आणा."

तिनं पुस्तक उघडलं. मधल्याच एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. कोपरे दुमडण्यावरूनही ती त्यांना बोलायची. कोपरा सरळ करायला तिचं बोट पुढे गेलं आणि तसंच मागे आलं.

तिनं वाचनालयाचं पान मिटलं आणि आपला साचा उघडला. स्वतःची ओळ पुसली. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. उलट जागा भरणं सक्तीचं करून टाकलं. जे खातं तिथे स्वतःचा मजकूर देणार नाही, त्याचं ते पान उघडणारच नाही. बदल सध्या कचेरीतल्या चाचणीच्या सर्व्हरवरच होता, लोकांपर्यंत जायला अवकाश होता. रडू तेव्हाही आलं नाही.

थोड्या वेळानं वीजखात्याची वेबसाइट बघणारे काका तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. निवृत्तीला टेकलेले, तोंडानं फटकळ.

"इस्त्रीबाई, माझं पान उघडेना. शोकाचा मजकूर नाही म्हणतंय."

"तो आता ज्याचा त्यानं लिहायचा, काका."

"मी? बापजन्मी असलं काही लिहिलेलं नाही मी. काय लिहू?"

"घरातलं माणूस गेलंय. मीटर त्याच्या नावावर आहे. मागे राहिलेल्याला तुम्ही काय सांगाल?"

काकांनी डोकं खाजवलं. एकदा छताकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या पुस्तकाकडे.

"आपण बापडे काय सांगणार," ते म्हणाले. "कागदपत्रं होतील सावकाश. तोवर तुमच्या दारातला दिवा बंद होणार नाही. एवढंच."

तिनं मान हलवली. मग पुस्तक तोंडाशी धरलं आणि भर कचेरीत ती हुंदके देऊन रडू लागली. वाचनालयवाली खुर्ची ढकलून धावत आली. काका पुरते गांगरले.

"अगं, चुकलं का माझं काही? बदलतो मी, लगेच बदलतो."

"नको, काका," ती रडता रडता म्हणाली. "तेवढी एक ओळ राहू द्या."