‘बहुधा’ला कोड नसतो

हेमांगीच्या स्क्रीनवर अमेरिकेतल्या एका रुग्णाची केस होती. तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : मोठ्याने घोरणं, झोपेत मध्येच श्वास थांबणं, दिवसा डुलक्या. बहुधा स्लीप ॲप्निया.

‘बहुधा’ला कोड नसतो. झोपेची तपासणी होऊन निदान पक्कं होईपर्यंत विम्याच्या बिलासाठी फक्त लक्षणांचे कोड टाकायचे, हा मेडिकल कोडिंगचा नियम. तिने ते टाकले, पण पुढची केस उघडायला तिचा हात धजेना. त्या अनोळखी माणसाचं सगळं दुखणं तिच्या घरातही होतं. आणि तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा.

ती ऑफिसच्या जिन्यात गेली. आधी त्यालाच फोन लावला.

‘‘आज व्हॅन दुसऱ्या कुणाला द्या ना. आधी तपासणी करू.’’

‘‘घोरणं हा काय आजार आहे? आता शाळा सुटेल, ठेव फोन!’’

मग मन घट्ट करून तिने मुख्याध्यापिकांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी तो तणतणत घरी आला. बूट न काढताच खुर्चीत बसला.

‘‘चारचौघांत अब्रू घालवलीस माझी! तू काय डॉक्टर आहेस? बाई म्हणाल्या, तपासणीशिवाय गाडीला हात लावायचा नाही. आता लोक काय...’’

वाक्य तिथेच तुटलं. मान छातीवर कलली, घोरणं सुरू झालं, आणि एकाएकी सगळं शांत झालं. हेमांगीने त्याला गदागदा हलवलं.

दचकून त्याने डोळे उघडले. तिच्या भेदरलेल्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला.

‘‘मी बोलत होतो ना आत्ता?’’ त्याने हळूच विचारलं.