पाचवा टूथब्रश

"मी घरांच्या पाहणीसाठी आलेय. तुमच्याकडे किती माणसं राहतात?" अर्धंच दार उघडून बाईनं मला नखशिखांत न्याहाळलं. "चौघं. घरमालकानं पाठवलं का तुम्हाला?" "नाही हो. कुठं किती दाटी ते कळलं, तर नवी घरं बांधता येतील." "म्हणे नवी घरं! आज माणसं मोजाल, उद्या भाडं वाढवाल." तिच्यामागे बेसिनवरच्या पेल्यात पाच टूथब्रश होते. बाल्कनीतल्या पडद्याआड कुणीतरी खोकलं. "मामंजी भेटायला आलेत," ती घाईघाईनं म्हणाली, "उद्या जातील." पडद्याखालून विटांवर चढवलेली खाट दिसत होती. "ताई, चारच लिहिले तर इथं घरं कमी पडतात हे कळणार कसं?" तिनं डोळे बारीक केले. "आधी तुम्ही सांगा, तुमच्या घरी किती?" "चौघं," मी पटकन म्हणाले. ओळख ना पाळख, सासूबाई स्वयंपाकघरात झोपतात हे तिला कशाला सांगायचं?