शंभर जणांची तलवार

गंजाखालून पोलाद दिसायला लागलं आणि माकाबेचा हात थांबला.

अख्खी तलवार घासायची नव्हतीच. पात्याच्या मध्यावर दोन बोटं रुंद जागा उजळायची, आत काय आहे ते बघायचं आणि मालकाला सांगायचं. तलवारी उजळणारे याला खिडकी उघडणं म्हणतात. माकाबेने उघडलेल्या खिडकीत धुकं होतं. पांढरं, दाट, पहाटे नदीवर उतरतं तसं. पाहता पाहता ते हलतंय असंही वाटायचं. पण त्याचा हात थांबला तो धुक्यामुळे नाही. त्याने कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"काका, दिसलं का काही? रक्ताचे डाग वगैरे?" ओसरीवर त्याच्या शेजारी बसलेल्या मिफुयूने विचारलं. ही पोरगी ओसाकाहून आली होती. एका व्हिडिओ गेमसाठी ती तलवारी काढायची. या घराच्या देवळातल्या तलवारीची दंतकथा तिने कुठेतरी ऐकली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्या गेममधली तलवार दर घावाला एक जीव प्यायची आणि लालभडक व्हायची. सकाळी तिने ती पडद्यावर गरागरा फिरवून दाखवली होती. माकाबेला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. तरी त्याने "वा, वा" म्हटलं होतं.

दंतकथा खोऱ्यातल्या सगळ्यांना पाठ होती. तलवारीची मालकीण कोतोए; तिच्या पूर्वजाने नदीच्या उताराशी या तलवारीने एका दिवसात शंभर माणसं कापली. मग ती देवापुढे ठेवली, ती पुन्हा कुणी म्यानातून काढली नाही. तेव्हापासून दर शरदात त्या दिवशी हे घर त्या शंभर मेलेल्यांसाठी लाल चवळीचा भात शिजवतं. आज तोच दिवस होता. आत कोतोए भात उपसत होती. घरात आता ती एकटीच उरली होती.

एकटी उरली, कारण तिने तसं ठरवलं होतं. तरुणपणी माकाबे तिला मागणी घालायला आला होता, नवा किमोनो घालून, घामाघूम होऊन. "आमच्या घरावर शंभर घरांचं रडणं आहे," ती म्हणाली होती. "ते माझ्यापाशी संपू दे. मला संसार नको." माकाबे वाकून नमस्कार करून परत गेला. त्यानेही मग लग्न केलं नाही. नदीपलीकडे तो लोकांच्या तलवारी उजळत बसला. ही तलवार मात्र त्याने कधी बघायला मागितली नाही. तलवार मालकाने आपण होऊन आणायची असते, उजळणाऱ्याने मागायची नसते. कोतोएने ती आणली नाही. या वर्षी मिफुयूने भुणभुण लावली, म्हणून ती बाहेर निघाली.

आता काय करावं, हे माकाबेला कळेना. सांगितलं, तर एका बाईचं आयुष्य फुकट गेलं असं तिच्या तोंडावर म्हणण्यासारखं होतं. नाही सांगितलं, तर ती हे ओझं घेऊनच मरणार. 'खूप चाललेली तलवार आहे,' एवढं बोललं की भागणार होतं. पोरगीही खूश झाली असती.

कोतोए हात पुसत बाहेर आली. "काय म्हणते तलवार? शंभरच खाल्ले, की जास्त?"

खोटं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण तिच्या डोळ्यांत त्याला भीती दिसली, इतक्या वर्षांची जुनी भीती.

"एकही नाही, कोतोएसान."

"म्हणजे?"

"हिला धारच लावलेली नाही. लोहाराच्या हातून निघाली, तशीच देवापुढे ठेवली. धार आम्ही उजळणारे लावतो. आमच्यातल्या कुणाचा हात हिला कधी लागलेलाच नाही. हिने मुळासुद्धा चिरला नसता."

"अहो, पण मग माझी तलवार..." मिफुयू म्हणाली. तिचं लक्ष कोतोएच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिने पुढचं गिळलं.

कोतोए मटकन खाली बसली. रडली नाही. रडू आलं ते माकाबेला. "ही तलवार तेव्हाच मागायला हवी होती मी," तो म्हणाला. "रीत गेली खड्ड्यात."

"मी दिली नसती," कोतोए म्हणाली. मग तिने तलवार जवळ ओढली आणि खिडकीवर वाकली. बाहेर संध्याकाळ उतरत होती. नदीवरून खरं धुकं वर चढलं होतं आणि अंगणातली झाडं त्यात बुडत चालली होती.

"माणसं दिसताहेत," ती हळूच म्हणाली.

"कुठे?"

"आत. धुक्यात. खांद्यावर भाले टाकून चाललीत. कुणाला घाई नाही."

मिफुयूनेही वाकून पाहिलं. तिला नुसतं पांढरं दिसलं. पण तिने कोपऱ्यात बसून आपल्या पडद्यावरच्या तलवारीतला सगळा लाल रंग पुसला आणि त्या पात्यात धुकं भरायला घेतलं. गेम कंपनीतला साहेब ओरडणार होता, ओरडू दे.

कोतोए उठली. आत जाऊन तिने एक वाडगा भरून आणला, अजून वाफा येत होत्या. देवाकडे न जाता ती माकाबेसमोर गुडघे टेकून बसली आणि वाडगा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"ते शंभर जण केव्हाच घरी पोचले, बायकोच्या हातचं जेवले," ती म्हणाली. "उपाशी राहिलात ते तुम्ही एकटे."