खुन्याची सावली

वेंडेलला पडद्यावर एकच वाक्य मिळणार होतं. त्यासाठी काहीही द्यायची त्याची तयारी होती. हॉलिवूडमध्ये त्याचं काम नायकाच्या जागी उभं राहायचं, दिवे जुळले की हटायचं. युद्धामुळे विजेची काटकसर, म्हणून सिनेमातल्या खुनी नायकाची सावली त्याच्यावरून भिंतीवर रंगवायचं ठरलं. “हललास तर वाक्य गेलं, लेका,” रंगारी ऑगी म्हणाला. “नायकापेक्षा तूच खुनी दिसतोस.” सावली इतकी हुबेहूब उतरली, की नायकही दबकला. सकाळी वेंडेल वाक्य म्हणायला आला. कॅमेरामनने दिवा सगळीकडून फिरवला. वेंडेलच्या मागची दुसरी भिंत कोरीच. “तुझी सावलीच पडत नाही रे.” “मी आहे ना, साहेब?” “आपल्याकडे माणूस नसला तरी भागतं, राजा. सावली लागते.” शेवटी वाक्य रंगवलेल्या सावलीला दिलं. तिने ते पहिल्याच टेकमध्ये म्हटलं, वेंडेलच्या आवाजात. निर्मात्याची वीज वाचली. वेंडेलकडे ओरडायलाही आवाज उरला नाही.