पहिली दुरुस्ती

जुना कॉम्प्युटर सुरू होईना, नुसता पीं-पीं करत राहिला. दूरगावी राहणाऱ्या लेकीने फोनवरून सांगितलं, "आई, दुकानदाराने घातलेली नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, त्याला मानवत नसेल. प्लग काढ, डबा उघड आणि ती पट्टी काढून टाक. जुनी एकटीच राहू दे."

"अगं, मोडलंबिडलं तर?"

"काही मोडत नाही. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाब, अलगद वर येईल."

जन्मात त्या डब्याला हात न लावलेल्या आईने श्वास रोखून पट्टी काढली, प्लग लावला, बटण दाबलं. पडदा उजळला. हरखून ती आतल्या खोलीकडे वळली, "अहो, ऐकलंत का? मी दुरुस्त केला!"





बाबांना जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.