चौथं रीळ आधी

जत्रेतल्या तंबू टॉकीजात केरबा आईशेजारी बसला होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पिच्चरात खुन्याचं काम त्यानंच केलं होतं. पहिल्याच रिळात फौजदाराला सुरा मारतो. शेजारच्या गावात लोकांनी पडद्यावर चपला फेकल्या होत्या. आता आई बोलणं टाकील, हाच घोर.

पडदा उजळला आणि केरबा चक्रावला. शेवटाकडं उलगडणारा, खुनामागचा जुना भेद आधीच उघडा पडला. त्याच फौजदारानं केरबाच्या पिच्चरातल्या भावाला गोळी घातली, आणि पडद्यावरचा केरबा मढ्यावर पडून रडत होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग सुरा चालला, तेव्हा तंबूत शिट्ट्या वाजल्या. सुरा तोच, केरबा तोच. पण तिकडचा खुनी इकडं भाऊ ठरला.

आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलंस लेकरा. भावासाठी केलंस. उद्या समद्या भावकीला आणते बघायला."

पिच्चर सुटल्यावर मशीनवाला शिकंदर हात जोडून उभा राहिला. "केरबाअण्णा, माफी करा, चौथं रीळ आधी लागलं. उद्या नीट लावतो."

"खबरदार!" केरबा हळूच म्हणाला. "जत्रा हाय तोवर असंच चुकव."